साहेबांनी मागवलेली पिसी

मी गव्हावर संशोधन करतो असं सांगितलं की नागपुरातली माणसं दोनच प्रश्न विचारायची. शिकलेले विचारायचे, "गव्हात काय संशोधन करायचं असतं हो?" आणि बाकीचे विचारायचे, "तुमच्या गव्हाची रोटी होते काय?" पहिल्या प्रश्नावर मी तासभर बोलू शकत असे, आणि समोरचा जांभया देईपर्यंत बोलतही असे. दुसरा प्रश्न आला की मात्र मी पानाचा डबा उघडून चुना शोधू लागायचो.

रोटी म्हणजे आमच्याकडे लांब रोटी. तिला पोळी म्हणू नये. मी विणकरांच्या घरातला. आमच्यात पाहुणा आला की मटणाचा झणझणीत रस्सा आणि लांब रोटी, दुसरं काही नाही. पीठ पातळ कापडातून गाळायचं, पाणी घालघालून कणीक इतकी सैल करायची की ती परातीत आपटून आपटूनच मळावी लागते, मग तिचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. चांगली साधली तर रोटी धोतरासारखी पातळ होते. गहू चांगला नसला तर ती हातावरच फाटते, आणि फाटलेली रोटी पाहुण्याच्या ताटात वाढताना घरातल्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. गव्हाची प्रत आमच्या घरात अशी बाईच्या मनगटावर ठरायची.

आमच्या शेतकी खात्यात ती साहेबांच्या टेबलावर ठरायची. साहेब विलायतेतून आलेले, मनाने वाईट नव्हते. काळ्या कागदावर मूठभर दाणे पसरायचे, भिंगातून बघायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि समाधानाने मान हलवायचे. दाणा टपोरा हवा, चकचकीत हवा, वजनात भरायला हवा आणि एकरी जास्त यायला हवा, म्हणजे विलायतेला जाणाऱ्या मालात तो शोभून दिसेल. गहू माणसं खातात, हा मुद्दा आमच्या बैठकांत कधी निघाल्याचं मला आठवत नाही. मी एकदा काढला तेव्हा साहेब हसले आणि घड्याळ बघू लागले.

माझं पहिलं वाण साहेबांच्या सगळ्या कसोट्यांना उतरलं. त्याच्यावर तांबेरा येत नसे. तांबेरा म्हणजे गव्हाच्या पानांवर, ताटांवर उठणारी ती नारिंगी भुकटी. ढगाळ हवा पडली की चार दिवसांत हिरवं शेत गंजल्यासारखं करून टाकते. आमच्याकडे त्याला गेरवा म्हणतात. माझ्या वाणाने गेरव्याला दाद दिली नाही, उताराही भरपूर दिला. खात्याने ते गावोगाव वाटलं, माझी पाठ थोपटली. शेतकऱ्यांनी ते हौसेने पेरलं, सगळंच्या सगळं बाजारात नेऊन विकलं, आणि घरी खायला बांधाकडेच्या तुकड्यात आपला जुना गहू पेरत राहिले.

"काहून गा, हा गहू घरी काहून नाही खात?" मी एकाला विचारलं.

"गहू लय देखना हाये सायेब," तो म्हणाला. "पर रोटी फाटते."

मला राग आला. देखणा गहू, निरोगी गहू, भरघोस गहू, आणि यांना रोटीची पडली आहे! तावातावाने मी त्याच गव्हाची एक पायली घरी नेली. नेमके त्या दिवशी बायकोचे भाऊ उमरेडहून आले होते. चुलीपाशी काय घडलं ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं: कणीक आपटल्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आपटल्याचा आवाज. शेवटी पाहुण्यांच्या ताटात रोटीचे तुकडे आले. बायको बाहेर आलीच नाही. पाहुणे गेल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, "हा सरकारी गहू पुन्हा माह्या घरात आनू नोका."

तर असा हा तिढा होता. रोटी साधायची ती आमच्या जुन्या मऊ गव्हाची, ज्याला या मुलखात पिसी म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला पिसी म्हटलं की वेडी बाई आठवते आणि तो हसतो, हसू दे. पिसीची कणीक हवी तेवढी ताणावी. पण तांबेरा आला की पहिला बळी तिचाच. मला तांबेरा सोसणारी पिसी हवी होती. बाकी माझी कुणाकडे काही मागणी नव्हती, बढतीचीसुद्धा नाही. शेतकऱ्याने पिकवावा आणि त्याच्याच घरी त्याची रोटी व्हावी असा एक गहू हातून घडला की माझी नोकरी सार्थकी लागली, असं मी धरून चाललो होतो.

ती मला मौद्याकडच्या एका शेतात सापडली. ढगाळ हिवाळा होता. शेतातून चालताना माझं धोतर गुडघ्यापर्यंत नारिंगी झालं होतं आणि शेतकरी बांधावर डोक्याला हात लावून बसला होता. शेताच्या मधोमध गव्हाचं एक ताट, एकच रोप, स्वच्छ हिरवं उभं होतं. आजूबाजूचं सगळं गंजलेलं आणि हे आपलं आंघोळ करून आल्यासारखं. मी त्याला खुणेचा लाल धागा बांधला आणि ओंब्या पिकेपर्यंत दर आठवड्याला जाऊन त्याला बघून आलो. त्या शेतकऱ्याला वाटलं असेल, साहेबाला ऊन लागलं.

त्या एका ताटाच्या दाण्यांची पुढच्या वर्षी एक ओळ झाली, मग वाफा झाला, मग तुकडा. दरवर्षी मी मुद्दाम तांबेरा लागलेल्या गव्हाच्या शेजारी ती पेरायचो, आणि ज्या ताटावर एक जरी ठिपका दिसे ते उपटून टाकायचो. पोपटांशी भांडलो, उंदरांशी भांडलो, पाण्याच्या पाळीसाठी कापूसवाल्या सहकाऱ्यांशी भांडलो. रोटीचं मात्र कोडं सुटत नव्हतं. रोटी करून बघायची तर दाणे दळावे लागणार, आणि दळलेला दाणा पेरता येत नाही. दरवर्षी हाच पेच: खाऊन बघू की पेरू? दरवर्षी मी पेरलं. फार तर चिमूटभर दाणे चघळून बघायचो. गहू चघळला की त्याचा चीक होतो, आम्ही लहानपणी तो दिवसभर तोंडात घोळवायचो. या गव्हाचा चीक छान ताणला जायचा. पण चीक ताणला गेला म्हणजे रोटी साधली असं होत नाही, हे मलाही कळत होतं.

शेवटी एका वर्षी पोतंभर गहू झाला. अख्खं एक पोतं! मी ठरवलं, दसऱ्यानंतर पेरणी करायची, आणि त्यातली एक पायली, फक्त एक, दळून बायकोच्या हाती द्यायची.

आता बडे बाबूंबद्दल सांगायला हवं. बडे बाबू म्हणजे आमच्या कचेरीचे मुख्य कारकून. लखनौकडचे, आबकारी खात्यातून बदलून आलेले. सगळी हयात दारूच्या बाटल्यांवर पहारा करण्यात गेली असल्यामुळे एकच माल दोन ठिकाणी दिसला की त्यांना चोरीचा वास यायचा. मी माझ्या गव्हाचे दोन वाटे केले होते, निम्मा गोदामात, निम्मा माझ्या खोलीतल्या डब्यांत. हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचं मन दुखावलं.

"एक माल, एक जगह," ते म्हणाले.

मी म्हटलं, आग लागली तर? टोके किडे पडले तर? उंदीर?

"चूहों के लिए बिल्ली है, साहब."

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, बडे बाबूंच्या कामात आपण पडू नये, त्यांच्यामुळे कचेरीला शिस्त लागली आहे. माझे डबे माझ्या डोळ्यांदेखत पोत्यात रिकामे झाले. तेव्हाच माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. अजून होतो.

मे महिन्यात रिवाजाप्रमाणे साहेब पचमढीच्या थंड हवेत गेले, सोबत अर्धी कचेरी. मी मेव्हण्याच्या लग्नासाठी उमरेडला गेलो. आणि मागे पचमढीहून तार आली. मुंबईचा एक मोठा धान्यव्यापारी साहेबांकडे पाहुणा यायचा होता आणि त्याला आमचा गहू हातात घेऊन बघायचा होता. तारेत साहेबांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत शब्दांची काटकसर केली होती: पिसी गहू, एक पोतं, उत्तमातला उत्तम, ताबडतोब पाठवा.

लग्नाहून परतलो तो तसाच गोदामात गेलो. जायचं काही कारण नव्हतं, सवय होती. पोत्याच्या जागी झाडलेली स्वच्छ फरशी होती.

"माझं पोतं कुठं गेलं गा?" मी गोदामाच्या जमादाराला विचारलं. हा म्हातारा इथलाच, कामाला चोख.

"पचमढीले गेलं सायेब. साहेबाची तार आली होती न."

मी स्वतःला समजावलं. गहू पचमढीला गेला तर पचमढीहून परत येऊ शकतो. आजच तार करू, एक दाणासुद्धा इकडे तिकडे करू नका म्हणून कळवू. मी हे मोठ्याने बोललो असणार, कारण जमादार माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघू लागला.

"गहू कुठचा सायेब? पीठ धाडलं."

मी पुन्हा त्या झाडलेल्या फरशीकडे बघितलं.

"बडे बाबूनं सांगतलं, दळून धाडाचा हाये. मीच उभा होतो चक्कीवर. येक दाना सांडू देला नाही," तो म्हणाला, आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

साध्या पिसीची दोन पोती त्याच्या पाठीमागेच उभी होती. ती का नाही नेली, म्हणून मी ओरडलो. तो बिचारा गोंधळला. "त्याच्यात खडे लय हायेत. दळाच्या आंधी निवडा लागते न. निवडाले बाया कुठून आनू? तुमचं पोतं कसं, येक खडा नाही. अन् बाबू म्हने, अच्छेवाला पाहिजे."

खरंच होतं. माझ्या पोत्यात खडा नव्हता, कारण त्यातला दाणा न् दाणा माझ्या डोळ्यांखालून गेला होता.

बडे बाबू आपल्या टेबलाशी शांतपणे पेन्सिलीला टोक काढत होते. मी विचारलं, गहू मागवला असताना पीठ कुणाच्या हुकमाने पाठवलंत? त्यांनी तार पुढे सरकवली आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"पिसी," ते म्हणाले. "पिसी गेहूँ. मतलब पिसा हुआ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय. मी म्हटलं, पिसी हे गव्हाचं नाव आहे. या मुलखात लहान पोराला माहीत आहे. आपल्या गोदामात पिसी नावाची पोती आहेत, रोज तुम्ही त्यांच्यावरून जाता.

"नाम होगा," ते म्हणाले. "मैं तो ज़बान की बात कर रहा हूँ. गेहूँ पुल्लिंग है. पिसी ग़लत है, पिसा होना चाहिए. मगर साहब बहादुर को लिंग कहाँ आता है? कल ही तो लिखा था, घोड़ा आती है. मैंने सुधारकर पढ़ लिया."

सुधारकर पढ़ लिया! माझी सगळी वर्षं, ती ओळ, तो वाफा, तो तुकडा, हे सगळं या गृहस्थांनी व्याकरण सुधारून चक्कीत घातलं होतं. साहेब हिंदी बोलताना बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई करत हे खरं आहे, त्यावर आम्ही सगळेच हसायचो. पण आयुष्यात एकदा त्यांनी एक शब्द बरोबर लिहिला, आणि नेमका तोच आमच्या बाबूंनी दुरुस्त केला. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो नाही एवढंच. टेबल मध्ये होतं.

मग मी एका दाण्यासाठी सगळीकडे फिरलो. चक्कीवाल्याने खालचं झाडून गाईला घातलं होतं. साहेबांच्या खोलीत काचेच्या चौकटीत माझ्या गव्हाच्या काही ओंब्या शोभेसाठी लावलेल्या होत्या. मी कुणाला न विचारता काच काढली आणि त्यातले दाणे कुंडीत पेरले. ओंब्यांना कीड लागू नये म्हणून कुणीतरी त्या विषात बुडवून ठेवल्या होत्या, दाणे कुंडीतच कुजले. मौद्याला गेलो, म्हटलं त्या शेतात जुन्या पिसीचं घरचं बी असेल, त्यात एखादा भाऊबंद सापडेल. शेतकऱ्याने मोठ्या आदराने बाज टाकली आणि सांगितलं की गेरव्यानं पार बुडवल्यापासून त्याने पिसी पेरणं सोडलं, आता तो सरकारी गहू पेरतो. माझंच पहिलं वाण.

पावसाळा लागला तसे साहेब पचमढीवरून उतरले आणि आल्या आल्या त्यांनी मला बोलावून माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. व्यापारी बेहद्द खूश झाला होता. खानसाम्याने त्या पिठाचा पाव केला, तो असा फुगला की मडमसाहेबांनी तो सगळ्यांना दाखवला. दाणे दाखवण्यापेक्षा पीठच पाठवायची कल्पना फार हुशारीची, असं साहेब म्हणाले, आणि बडे बाबूंकडे पाहून हसले. बडे बाबूंनी नम्रपणे मान झुकवली.

"या हंगामात हाच गहू सगळ्या फार्मवर पेरा," साहेब म्हणाले.

मी सांगितलं, बी नाही. होतं तेवढं आपण खाल्लंत.

साहेबांनी टेबलावरचं भिंग उचललं आणि परत ठेवलं. मग अगदी सौम्यपणे त्यांनी मला विचारलं, "पण इतकं मोलाचं बी तुम्ही एकाच ठिकाणी ठेवलंत कसं?"

मी बडे बाबूंकडे बघितलं. ते वर पंख्याकडे बघत होते.

त्यानंतर नोकरीची जी वर्षं उरली ती मी त्याच शोधात घालवली. तांबेऱ्याच्या वर्षी गावोगाव हिंडलो, हिरव्या ताटांना धागे बांधले. तांबेरा सोसणारे गहू मिळाले, रोटीचे गहूही मिळाले. दोन्ही एकात पुन्हा मिळालं नाही. माझ्या नावावर खात्यात जी दोन-तीन वाणं आहेत ती सगळी देखणी आहेत. त्यांची रोटी फाटते.

पण हे पुढचं झालं. साहेब परतले त्याच आठवड्यात शिपाई एक उशीच्या अभ्र्याएवढी पिशवी घरी घेऊन आला. पचमढीला उरलेलं पीठ, साहेबांकडून भेट. मी बायकोला म्हटलं, फेक ते गटारात, मला दिसू देऊ नको.

"अन्नाले असं बोलू नाही," ती म्हणाली आणि पिशवी आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी रस्सा झाला, चूल फुलली, मडकं पालथं पडलं. या वेळी मी भिंतीआड बसलो नाही. चुलीसमोर पाट घेऊन बसलो. तिने कणीक आपटायला घेतली तेव्हाच ती ओढ घेत होती, परातीतून उचलली की हाताबरोबर वर यायची आणि तुटायचं नाव घ्यायची नाही. तिने गोळा हातावर घेतला. मनगट, कोपर, कोपराच्या पुढे. रोटी इतकी पातळ झाली की पलीकडच्या तिच्या हिरव्या बांगड्या मला दिसत होत्या, आणि ती फाटली नाही. मडक्यावर पडली, फुगे धरले, सुटली. दुसरी. तिसरी. एकही फाटली नाही.

"पाहून राहिले न?" बायको हसत होती, हातभर पीठ लागलेलं. "अशी रोटी माह्या मायच्या घरीबी नाही झाली. असा गहू असन तर वर्षाचा आना. मी काही म्हननार नाही."

तिला मी काय सांगणार? तिला सगळं माहीत होतं. पण हातावर रोटी अशी साधताना माणूस बाकीचं विसरतो, तशी ती विसरली होती, आणि मला तिचा रागही येईना. तिने ताट वाढलं. रोटी मऊ होती, गोड होती, रश्श्यात बुडवली तरी विरत नव्हती. इतकी वर्षं ज्या प्रश्नापासून मी तोंड लपवलं त्याचं उत्तर मी चावत होतो. मला रडू आलं. मी रडलो आणि खात राहिलो.

थोड्या वेळाने मी विचारलं, "पीठ किती उरलं?"

तिने पिशवी उचलून पाहिली.

"उद्याच्या पुरतं हाये," ती म्हणाली. "काहून? आनखी करू?"